'मुक्त विदा' लावून रामकुंडावर जाऊ नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसले असेन तर लगेच कळेल. तुम्ही सहा-सात जण नाशिकच्या रामकुंड ते तपोवन या पट्ट्यातल्या पाणपोया, स्वच्छतागृहं आणि सावलीत टेकायच्या जागा यांची यादी करताय. खाली नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचा, वर तुमची यादी. २०२७ च्या सिंहस्थाआधी ती लोकांच्या फोनवर पोचावी, आणि इतरांनीही ती उचलून आपापल्या कामात वापरावी, अशी इच्छा. त्यासाठी दोन बॅज करायचेत: एक संकेतस्थळाच्या कोपऱ्यात, एक छातीवर लावायचा गोल. मजकुराचे तीन पर्याय तुमच्यासमोर आहेत: 'मुक्त विदा समर्थक' (विदा म्हणजे डेटा), 'मी ओपन डेटा वापरतो' आणि '१००% खुला डेटा'. यातला कोणता घ्यावा?

मी गेली चौदा वर्षं फॉर्म, फलक आणि फोनच्या पडद्यांवरचा मराठी मजकूर लिहिते. त्यातलं बरंच काम नाशिकमध्ये बसथांबे, पाऊस, बाजारभाव अशा डेटावर काम करणाऱ्या मंडळींसाठी झालं. असे बॅजही चार-पाच वेळा केलेत आणि त्यातले दोन सपशेल फसले. तुमच्या तिन्ही पर्यायांना मी नाही म्हणणार आहे, पण का ते सविस्तर सांगते. कारण समजलं की चौथा पर्याय तुमचा तुम्हालाच सुचेल, कदाचित माझ्यापेक्षा बरा.

'मुक्त' की 'खुला' हे भांडण नंतरचं. आधी हे ठरवा की बॅजवरचं वाक्य बोलतंय कोण. डेटा स्वतःबद्दल सांगतोय, त्यावर केलेला नकाशा सांगतोय, की बॅज लावलेला माणूस? तुमच्या तीन पर्यायांत दोन वेगवेगळे बोलणारे आहेत आणि तुम्ही त्यांना एकाच रांगेत उभं केलंय. '१००% खुला डेटा' हे यादी बोलते. 'मी वापरतो' हे माणूस बोलतो. 'समर्थक' हाही माणूसच, पण तो काही करत नाही, नुसता बाजूने आहे.

२००४ मध्ये केंब्रिजला सुरू झालेल्या ओपन नॉलेज फाउंडेशनने 'ओपन' कशाला म्हणायचं याची व्याख्या केली. कुणालाही, कोणत्याही कामासाठी ती गोष्ट मिळवता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता आली पाहिजे. अट घालायचीच तर 'कुणाचं ते सांगा' आणि 'पुढेही असंच खुलं ठेवा' एवढ्यापुरती. या व्याख्येत बसणाऱ्यांना आपल्या संकेतस्थळावर लावायला त्यांनी छोटी बटणंही दिली. पण ती बटणं डेटा देणाऱ्याची आहेत. दुकानाच्या दारावरची 'उघडे आहे' ही पाटी जशी, तशी. तुम्हाला डेटाचा वापर वाढवायचा आहे, म्हणजे गिऱ्हाईक आत यायला हवंय. आत काय मिळतं हे 'उघडे आहे' पाटीवरून कुणाला कळत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की विसर्ग किती क्युसेक हे बातमीत येतं, पण अख्खं नाशिक विचारतं ते 'मारुतीच्या कुठपर्यंत आलं?' गुडघ्याला, कमरेला, गळ्याशी. पुलावर उभं राहून कुणीही वाचावं, कुणीही कुणालाही सांगावं. ना पासवर्ड, ना अर्ज. याहून खुली आकडेवारी मी पाहिलेली नाही, आणि तिच्यावर 'खुली आकडेवारी' असं कुठे लिहिलेलं नाही. लोकांच्या तोंडात बसलंय ते 'कमरेला लागलं' हे क्रियापद. बॅजचं वाक्य शोधताना मी नेहमी त्या मारुतीकडे बघते: विशेषणाच्या मागे लागण्याआधी क्रियापद सापडतंय का?

आता शब्दांकडे वळू. इथे मात्र मी जरा रेंगाळणार.

'विदा' हा शब्द मला मनापासून आवडतो. छोटा आहे, जोडाक्षर नाही, मराठीत डेटासाठी घडवलेला आहे. लेखात, पुस्तकात जरूर वापरा. पण तुमचा बॅज कुठे फिरणार आहे ते बघा. सिंहस्थात गोदाकाठी बरेच डोळे हिंदी वाचणारे असतील, आणि हिंदीत 'विदा' म्हणजे निरोप. मराठीतही आपण 'विदाई' हिंदी सिनेमांमुळे ओळखतोच. त्याच्या आधी 'मुक्त'. आणि उभे कुठे, तर रामकुंडावर, जिथे लोक आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन येतात. छातीवर 'मुक्त विदा समर्थक' लावून तिथे फिरलात तर तुम्हाला कुणी पाणपोई विचारणार नाही. क्रियाकर्माचा दर विचारतील. मी थट्टा करतेय असं वाटेल, पण ओळखीतल्या एका हिंदीभाषक बाईंना तुमचा हा पर्याय नुसता वाचायला दिला. त्या दोन क्षण थांबून म्हणाल्या, "कोई गुज़र गया क्या?"

'मुक्त' शब्दाची आणखी एक गंमत आहे. तो नामाच्या आधी आला की अर्थ मोकळा, खुला: मुक्तछंद, मुक्त विद्यापीठ. नाशिककरांच्या कानात तर तो पक्का बसलाय, १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय इथेच आहे. पण तोच शब्द नामाच्या मागे गेला की अर्थ उलटा होतो: तंटामुक्त, व्यसनमुक्त, कर्जमुक्त. म्हणजे ती गोष्ट नसलेला. माझा पहिला फसलेला बॅज हाच. गोल बॅजच्या कडेने शब्द फिरवायची हौस, म्हणून मांडणी करणाऱ्याने वर्तुळात 'मुक्त डेटा मुक्त डेटा' असं सलग बसवलं. पडद्यावर छान दिसत होतं. वर्तुळाला सुरुवात नसते हे आमच्या ध्यानात आलं नाही. छापून आल्यावर पहिल्याच माणसाने वाचलं, 'डेटामुक्त डेटामुक्त', आणि आम्हाला शाबासकी दिली की पोरांना मोबाइलपासून दूर ठेवायची मोहीम चांगली आहे.

त्यातच दुसरी अडचण दडलेली आहे. रस्त्यावरच्या माणसासाठी 'डेटा' म्हणजे फोनचा डेटा. संपतो तो, रिचार्ज करतो तो. म्हणून 'मोफत डेटा' किंवा 'फ्री डेटा' हे शब्द तर चुकूनही वापरू नका. बॅजभोवती गर्दी होईल ती वायफायचा पासवर्ड मागायला. 'खुला डेटा' आणि 'ओपन डेटा' यांतही हा धोका थोडा राहतो. हा धोका नुसता शब्द बदलून जात नाही, शेजारी ठेवलेल्या शब्दाने जातो. 'ओपन डेटावर केलेला नकाशा' म्हटलं की 'नकाशा' हा शब्द 'डेटा'ला जागेवर आणतो.

'खुला' मला 'मुक्त'पेक्षा बरा वाटतो. खुलं नाट्यगृह, खुली स्पर्धा: 'कुणीही यावं' हा अर्थ लगेच पोचतो. फॉर्मवरच्या 'खुला प्रवर्ग'मुळे काहींच्या कपाळावर आठी येते, पण ती मी खपवून घेते. 'उघडा' मात्र नको. 'उघडी माहिती' म्हटलं की काहीतरी फुटलं, लीक झालं असं वाटतं. 'सार्वजनिक' म्हटलं की सरकारी वाटतं. आणि खरं सांगायचं तर या कामातली माणसं आपापसात 'ओपन डेटा'च म्हणतात, बरेच जण तर 'डाटा'. तेव्हा छातीवरच्या बॅजला 'ओपन' आणि वाचायच्या मजकुरात 'खुला' अशी वाटणी मी करते. शुद्धिवाद्यांना ती पटत नाही हे मला माहीत आहे. बॅजवर अक्षरं आठ-दहाच मावतात, तिथे ओळखीचा शब्द जिंकतो.

आता '१००%'. याला माझा विरोध सगळ्यात जास्त आहे, आणि त्याचं कारण कांदा.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या गटासाठी मी कांद्याचे रोजचे भाव दाखवणाऱ्या पानाचा मजकूर लिहिला. भाव डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्राच्या पोर्टलवरून यायचे. तिथे बाजार समित्यांचे भाव ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या संकेतस्थळाकडून येतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. लासलगाव, पिंपळगाव असं निवडलं की आकडे समोर. पानाच्या डोक्यावर मी मोठ्या उत्साहाने 'अधिकृत खुला डेटा' असं लिहिलं आणि शेजारी हिरवी बरोबरची खूण. आठवड्याभरात निफाडकडच्या एका शेतकऱ्याचा फोन. पानावर सर्वसाधारण भाव अठराशे, त्यांना लिलावात मिळाले बाराशे. "ताई, तुमचं अधिकृत आहे म्हणता, मग माझे सहाशे कोण देणार?"

त्यांचं चुकलं नव्हतं. सर्वसाधारण भाव म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो. तुमच्या ट्रॉलीतल्या कांद्याचा आकार, ओलावा, मोड आलेत का, यावर तुमचा भाव ठरतो आणि तो किमानलाही टेकू शकतो. पण हे सगळं त्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं आणि वर होती माझी हिरवी खूण. ॲगमार्क, आयएसआय, हॉलमार्क हे शिक्के बघत आपली पिढी मोठी झाली. गोल आकारात काहीतरी लिहिलं की आपण ते हमी म्हणून वाचतो. ओपन डेटा ही हमी नाहीच. तो वापरायची मुभा आहे. बरोबर असल्याचं प्रमाणपत्र नाही. म्हणून बॅजवर अधिकृत, प्रमाणित, विश्वासार्ह, शंभर टक्के यांतलं काही नको, आणि बरोबरची खूण तर अजिबात नको. हाच धागा धरून आणखी एक: अशोकस्तंभ किंवा महापालिकेचं बोधचिन्ह शेजारी ठेवायचा मोह होतो. तो टाळा. राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा आहे, आणि सरकारी ओपन डेटाच्या परवान्यातही बोधचिन्हं वगळलेली आहेत. शिवाय सरकार तुमच्या कामाच्या पाठीशी आहे असं भासवू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.

या सरकारी परवान्याची तारीखही बोलकी आहे. डेटा खुला करण्याचं राष्ट्रीय धोरण २०१२ चं, पोर्टलही त्याच वर्षीचं. पण 'हा डेटा तुम्ही असा असा वापरू शकता' हे नीट सांगणारा स्वतंत्र परवाना आला २०१७ मध्ये. मधली पाच वर्षं नावात 'ओपन' होतं, पण व्यवसाय करू पाहणारा माणूस विचारायचा, मी वापरला तर उद्या कुणी अडवणार नाही ना? तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसलेय. बॅज कितीही सुंदर करा, त्यावर बोट ठेवल्यावर परवान्याचं वाक्य उघडलं पाहिजे. नाहीतर तो बॅज म्हणजे नुसती रांगोळी.

तुमच्या यादीचा परवाना कोणता, हे तुमच्या प्रश्नात नाही, आणि उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे. म्हणून काही गोष्टी तुम्हीच तपासा.

पहिली: यादीतले किती ठिपके तुम्ही जागेवर जाऊन घेतले आणि किती गुगल मॅप्सवर बघून उचलले? उचलले असतील तर ते काढून पुन्हा जाऊन घ्या. तिथून नकललेली माहिती पुढे खुली म्हणून वाटायचा हक्क तुमच्याकडे नाही, आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्येही ती चालत नाही. '१००%' म्हणणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं.

दुसरी: पंचवटीतल्या एखाद्या लॉजवाल्याने तुमची यादी घेऊन नकाशा छापला आणि दहा रुपयांना विकला, तर तुम्हाला चालेल का? बैठकीत हा प्रश्न मोठ्याने विचारा आणि एकमेकांचे चेहरे बघा. 'नाही चालणार' असं असेल तर त्यात लाज नाही, पण मग 'खुला' हा शब्द वापरू नका. 'व्यापारी वापर नको' ही अट घातली की तो डेटा 'ओपन'च्या वर सांगितलेल्या व्याख्येबाहेर जातो.

तिसरी: चालणार असेल, तर तुमची माणसं काय मागतात? काहीच नको असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार परवान्यांपैकी सीसी झिरो. नाव हवं असेल तर त्यांचाच सीसी बाय. 'तुम्ही सुधारून पुढे वाटलंत तर तेही खुलंच ठेवा' असं हवं असेल तर ओडीबीएल (ओपन डेटाबेस लायसन्स), म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप २०१२ पासून वापरतं तोच. ही यादी पुढे ओपनस्ट्रीटमॅपमध्येच भरायचा विचार असेल तर सीसी बायला वेगळी परवानगी जोडावी लागते, हे लक्षात असू द्या. तुमच्या जागी मी सीसी झिरो घेतला असता. पाणपोईच्या पत्त्याला श्रेय कसलं घ्यायचं? पण घाम तुमचा आहे, निर्णय तुमचा.

आणि बॅज लावला म्हणून ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय दिल्यासारखं होत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचं नाव आणि परवान्याचा दुवा वेगळा दिसलाच पाहिजे. 'ओपन डेटावर' एवढं म्हणणं म्हणजे लग्नात 'आचाऱ्यांचे आभार' म्हणण्यासारखं, कोणते आचारी ते सांगायचं नाही. पाणपोई चालवणाऱ्या माणसांची नावं आणि मोबाइल नंबर यादीत असतील तर ते खुल्या यादीत ठेवू नका, त्यांनी हौसेने दिले असले तरी.

माणसाच्या बॅजवरची एक खास मराठी अडचण आता सांगते, कारण ती तुमच्या दुसऱ्या पर्यायात आहे. 'मी ओपन डेटा वापरतो.' इंग्रजीत या वाक्याला लिंग नाही, मराठीत आहे. असा एक नमुना माझ्याकडेही आला होता आणि तो लावून मी तीन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी कॉलेज रोडला चहावाला म्हणाला, "मॅडम, भावाचा बॅज लावून आलात का?" मग 'वापरतो/वापरते' अशी तिरकी रेघ टाकून बघितली, छातीवर फॉर्म चिकटवल्यासारखं दिसलं. दोन वेगळे बॅज काढले तर हव्या त्या वेळी नेमका दुसराच हाताला लागतो. मार्ग दोनच सोपे. एक, 'आम्ही': 'आम्ही ओपन डेटा वापरतो' सगळ्यांना चालतं, आणि एकटा माणूस लावून फिरला तरी मागे कुणीतरी आहे असं वाटतं. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: आज्ञार्थ. 'मला विचारा.' त्यात ना तो, ना ती.

यादीच्या पानासाठीही आज्ञार्थच घ्या. मी आधी लिहायचे 'घ्या, वापरा, नाव सांगा'. वाटलं, किती नेमकं झालं! एका शाळकरी मुलाने डेटा उतरवून घेतला आणि खालच्या रकान्यात इमानदारीत स्वतःचं नाव लिहून पाठवलं. तेव्हापासून मी 'कुठून घेतलं ते सांगा' लिहिते. दोन शब्द वाढले, पण घोळ गेला.

इथवरचं एका दमात सांगते: बोलणारा एकच ठरवा, क्रियापद शोधा, हमीचा वास येऊ देऊ नका, आणि बॅजमागे परवाना उभा असू द्या. आता माझ्या सूचना.

यादीच्या पानावर: 'घ्या, वापरा, कुठून घेतलं ते सांगा.' खाली परवान्याचं नाव, दुव्यासह. सीसी झिरो घेतलात तर शेवटचा तुकडा अट राहत नाही, विनंती होते. तेव्हा 'सांगितलंत तर आनंद' असं म्हणा. ओडीबीएल घेतलात तर 'पुढेही खुलं ठेवा' हे जोडा.

नकाशावर, आणि तुमची यादी वापरणाऱ्या इतर कुणालाही लावता येईल असा: 'ओपन डेटावर केलेला नकाशा.' वापर वाढवणारा खरा बॅज हाच, म्हणून तोच आधी करा आणि कुणीही उचलून लावावा असा पानावर ठेवा. नकाशाच्या जागी 'तक्ता', 'ॲप', 'बातमी' असे शब्द बदलून चालतील अशी रचना ठेवा. 'केलेला, केलेली, केलेलं' हे त्या त्या शब्दाप्रमाणे बदलायला विसरू नका. ही चूक अशी आहे की ती मराठी माणसाला अर्ध्या सेकंदात दिसते आणि दिवसभर टोचते.

छातीवर: वर मोठं 'पाणी कुठे? मला विचारा', खाली लहान अक्षरात 'उत्तर ओपन डेटातून'. तुम्ही म्हणाल, यात ओपन डेटा तर तळाला गेला. हो, मुद्दामच. ऑगस्टच्या दमटपणात पंचवटीतल्या काट्या मारुतीपासून चालत आलेल्या माणसाला ओपन डेटा नको असतो, पाणी हवं असतं. पाणी सापडलं की शंभरातला एखादा खालची ओळ वाचून विचारेल, हे काय असतं हो? तो एक तुमचा. हिंदी वाचणाऱ्यांसाठी हाच मजकूर वेगळ्या बॅजवर हिंदीत काढा. एकाच बॅजवर दोन भाषा कोंबल्या की दोन्ही कुणी वाचत नाही.

छपाईचं थोडं, कारण माझी दुसरी फसगत तिथली आहे. संकेतस्थळावरची जुनी छोटी बटणं ८० बाय १५ किंवा ८८ बाय ३१ पिक्सेलची असत. पंधरा पिक्सेलच्या उंचीत रोमन अक्षर कसंबसं मावतं. आपल्या अक्षराला वर मात्रा-रफार आणि खाली उकार लागतो. 'समर्थक'मधला रफार तिथे धुळीच्या कणासारखा दिसतो. त्या मापाच्या मागे लागू नका, मोठं करा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. ज्या फाँटमध्ये सोय असते तिथे त्यामुळे ल पाकळीचा आणि श देठाचा येतो. नाहीतर 'खुला'मधला ल हिंदी वळणाचा उमटतो आणि वाचणाऱ्याला काहीतरी परकं वाटतं, काय ते सांगता येत नाही. गोल बॅज ४४ मिलिमीटरचा न घेता ५८ चा घ्या. कडेचा भाग मागे वळतो, तेव्हा मजकूर कडेपासून चांगला आत ठेवा.

आणि ख. आमच्या 'खुला डेटा' बॅजला ज्या फाँटची निवड झाली, त्यात ख चे दोन भाग खाली एकमेकांना जोडलेले नव्हते. मोठ्या आकारात डोळा सांभाळून घेतो. बॅजच्या आकारात मात्र स्वच्छ वाचता येत होतं: 'रवुला डेटा'. दोनशे नग. एका काकांनी तर विचारलं, रवुला हे आडनाव आंध्रातलं का?

छापायच्या आधी साध्या कागदावर मजकूर काढा, टाचणीने छातीला लावा आणि तासभर गोदाघाटावर उभे राहा. तुम्ही काही बोलू नका. लोक पहिला प्रश्न काय विचारतात तेवढं वहीत लिहा. 'पाणी कुठे आहे' विचारलं तर छापा. 'कुठल्या पक्षाचे' विचारलं तर रंग बदला. 'पासवर्ड काय' विचारलं तर पुन्हा माझ्याकडे या. पहिली खेप पंचवीसचीच काढा. पाचशे काढले की दर उतरतो हे खरं आहे, पण माझ्या कपाटात 'रवुला'चे दीडशे अजून पडून आहेत. सरावासाठी हवे असतील तर सांगा, मागची पिन चांगली आहे.